भिंतीत माणूस जाईल एवढी वाट मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
दृश्य व वारसा जतन शाखा,
दरी-दर्शन केंद्र (कार्यालय : वाहनतळाच्या वरची खोली).

विषय : आमच्या दोन घरांमधल्या भिंतीत माणूस जाईल एवढी वाट पाडू देणेबाबत, आणि ते शक्य नसल्यास, आम्हा दोघा भावांना भांडण चालू ठेवण्याचा लेखी आदेश मिळणेबाबत.

संदर्भ : (१) माझा मागचा अर्ज. (२) त्यावर आलेले आपल्या कार्यालयाचे उत्तर. (३) त्या उत्तरावरचा माझा खुलासा. (४) असा कोणताही खुलासा आलेला नाही, असे आपल्या कार्यालयाने माझ्या खुलाशावर पेपरवेट ठेवून मला समक्ष सांगितले, तो प्रसंग.

महोदय,

मागचा अर्ज मी चार ओळींत लिहिला होता. त्याचे उत्तर दोन ओळींत आले आणि त्यातली एक ओळ माझ्या पत्त्याची होती. म्हणून या वेळी सर्व हकीकत सविस्तर लिहीत आहे. मध्येच कंटाळा आल्यास चहा मागवावा, पण अर्ज बाजूला ठेवू नये, अशी सुरुवातीलाच नम्र विनंती आहे.

१. अर्जदार व्यवसायाने गवंडी असून सध्या वयोमानानुसार फक्त इतरांच्या कामाला नावे ठेवतो. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, हाही गवंडी. आमच्या वडिलांनी उतारावर दोन घरे बांधली : वरचे दादाला, खालचे मला. मध्ये एकच अंगण होते. आम्ही दोघे कामावर एकत्र जात असू, एकत्र येत असू आणि वाटेत एकमेकांच्या कामातल्या चुका काढत असू. हे सर्व घरातल्या घरात होते तोवर बरे चालले होते. पुढे एका कामावर दादाने घरमालकाच्या देखत, माझा कोपरा सरळ उभा आहे का हे पाहायला, त्याला ओळंबा लावला आणि हसून म्हणाला, “धाकट्याचं हे असंच असतं.” कोपरा ओळंब्यात होता की नव्हता, हा या अर्जाचा विषय नाही. (होता.) त्या दिवसापासून आमचा अबोला सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत अंगणात भिंतीचा पाया खणला गेला.

२. सदर भिंत रस्त्यापासून कड्याच्या टोकापर्यंत आडवी जाते. उंची माणसाहून हातभर जास्त. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. माझ्या बाजूचे दगड मी लावले, दादाच्या बाजूचे दादाने. काम एकाच वेळी चाले. पलीकडे त्याच्या हातोडीचा आवाज आला की मला कळे, आज त्याला चांगला दगड गवसलाय. मग मी त्याच्याहून चांगला शोधायला खाली ओढ्यापर्यंत जाई. रागात माणसाचे काम बिघडते म्हणतात, तसे आमचे काही झाले नाही. उभ्या आयुष्यात आम्ही दोघांनी इतके नेटके काम पैसे घेऊनही कोणाचे करून दिले नव्हते. भिंत पूर्ण झाली आणि दोन्ही घरांत शांतता झाली. आमच्या सौ.चे म्हणणे असे की, ती शांतता नव्हती, नुसता आवाज बंद होता. असो.

३. यानंतर बऱ्याच वर्षांनी आपल्या केंद्राचे वास्तुरचनाकार जागा पाहायला आले. दोन हातांच्या बोटांची चौकट करून ते तिच्यातून सगळीकडे पाहत, म्हणून आमच्याकडे त्यांना चौकटसाहेब म्हणतात. माणूस गोड. माणसाचे जमिनीशी तुटलेले नाते इमारतीने पुन्हा जोडून द्यायचे, असा त्यांचा ध्यास आहे, असे त्यांनी आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यापाशी उभे राहून सांगितले. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. ते जवळ गेले, त्यांनी दगडावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. सौ. घाबरून पाणी घेऊन आली. म्हणाली, “ऊन लागलं का हो? बसा जरा.” ते म्हणाले, “नाही, मी ऐकतोय.” आम्हीही थोडा वेळ ऐकले. काही ऐकू आले नाही.

४. आता जे लिहितो ते आपण नीट वाचावे, कारण सगळा घोटाळा इथून सुरू होतो. चौकटसाहेबांनी मला विचारले, “ही भिंत कोणी बांधली?” प्रश्न सोपा होता. पण ‘मी आणि दादाने’ असे म्हणायचे तर तोंडातून ‘दादा’ हा शब्द काढावा लागणार, आणि तो न काढण्याची मी शपथ घेतली होती. ‘मी’ एवढेच म्हणावे तर ते खोटे झाले असते, शिवाय पलीकडून दादाने ऐकले असते. म्हणून मी म्हणालो, “आधीच्या लोकांनी.” साहेब रस्त्याने वळसा घालून पलीकडे गेले आणि त्यांनी दादालाही तेच विचारले. दादाचीही अडचण तीच. तो म्हणाला, “काय माहीत. पहिल्यापासून आहे.” दोन वेगवेगळ्या घरांतून, एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन साक्षीदारांकडून एकच माहिती मिळाल्यामुळे ती पक्की मानली गेली. आणि आमची भिंत त्या दुपारी प्राचीन झाली.

५. केंद्राच्या इमारतीबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे मी गवंडी या नात्याने लिहून देतो. दार मुद्दाम ठेंगणे ठेवले आहे. आत शिरताना माणूस वाकतो आणि वाकला की आपोआप गप्प होतो. पुढे अंधारी, गार, वळणाची बोळ. तिथे सांधे इतके बारीक आहेत की मी नख घालून पाहिले, नख गेले नाही. बोळ संपते तिथे एक लांबच लांब खिडकी, खिडकीपुढे एकच बाक. बाकावर बसले की समोर आमची भिंत पायापाशी सुरू होते आणि सरळ जाऊन कड्यापाशी थांबते. तिच्या पलीकडे एकदम सगळी दरी. इमारतीच्या छपरावर गवत लावले आहे, त्यामुळे खालून पाहिले तर इमारत आहे हे कळतही नाही. आमची एक शेळी वर चढून चरत होती, तिलाही कळले नव्हते. चौकटसाहेबांनी सांगितले की भिंत नजरेचे बोट धरून तिला दरीकडे नेते, म्हणून सगळी इमारत भिंतीच्या रोखाने फिरवली आहे. खिडकीखालच्या फलकावर लिहिले आहे : ‘अनाम पूर्वजांच्या सहकार्याचे प्रतीक’. तो फलक वाचून सौ. इतकी हसली की तिला बाहेर न्यावे लागले.

६. उद्घाटनाला आम्हा दोघा भावांना ‘स्थानिक रहिवासी’ म्हणून बोलावले होते, आणि बसायला ते एकच बाक. मी डाव्या टोकाला बसलो, दादा उजव्या. मध्ये आपल्या शाखेचे कोणी साहेब बसणार होते, ते उशिरा आले. महोदय, या खिडकीतून भिंतीच्या दोन्ही बाजू दिसतात. मी माझ्या आयुष्यात दादाची बाजू पाहिली नव्हती, त्याने माझी पाहिली नव्हती. आम्ही पाहत बसलो. भाषणे झाली, टाळ्या झाल्या. मग दादा समोर बघतच म्हणाला, “तुझा खालचा थर चांगला बसलाय.” मी म्हणालो, “तुझे वरचे दगड एका रेषेत आहेत.” तेवढ्यात साहेब येऊन मध्ये बसले. पण त्या संध्याकाळी दादा भिंतीपलीकडे खोकला, मी अलीकडून खोकलो, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही भिंतीवरून बोलू लागलो. म्हणजे माणसांना आसपासच्या मुलखाशी आणि वारशाशी जोडण्याचा आपल्या केंद्राचा जो उद्देश फलकावर लिहिला आहे, तो आमच्या बाबतीत पहिल्याच दिवशी, चहापानाच्या आधी साध्य झाला. याबद्दल आपले आभार मानायचे राहून गेले होते, ते इथे मानतो.

७. अडचण अशी की वहिनी त्याआधीच गेली होती. ती गेली तेव्हा मी चारचौघांबरोबर थेट स्मशानात गेलो आणि दादाशी एक शब्द न बोलता परत आलो. दादा एकटाच राहतो; मुलगी सासरी, लांब. स्वयंपाक त्याला येत नाही. येतो असे तो म्हणतो. सौ.ने एकदा पाहिला आणि त्या दिवसापासून तिने ठरवले की भावजींनी दोन्ही वेळा आमच्याकडे, आमच्या पंगतीला, गरम जेवायचे. दादाला यायचे तर उतार चढून रस्त्यावर जायचे, आपल्या वाहनतळाला वळसा घालायचा आणि आमच्या गल्लीच्या पायऱ्या उतरायच्या. त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेले आहेत. आयुष्यभर उकिडवे बसून दगड घडवले की जातात. ‘मग भावाला तुमच्याकडेच राहायला का आणत नाही?’ असे आपल्या लिपिकांनी विचारले होते. दादा म्हणतो, “जेवायला येईन. राहायला येणार नाही. घर उघडं टाकून कोण जातं?” आणि भिंतीत वाट असेल तर दादाच्या ओट्यापासून आमचे ताट एवढ्या अंतरावर आहे की घास चघळत हाक मारली तरी ऐकू जाते.

८. म्हणून मी वाट मागितली. त्यावर आपले उत्तर आले की सदर भिंत दृश्यरेषेत येत असून मूळ बांधणाऱ्यांची संमती उपलब्ध नसल्याने तिच्यात बदल करता येणार नाही. मी खुलासा केला की मूळ बांधणारे आम्हीच, दोघेही हयात आहोत, दोघांचीही संमती आहे. आपल्या लिपिकांनी माझ्याकडे खालून वर पाहिले आणि म्हणाले, “तुम्ही तेवढे जुने दिसत नाही.” मी हयातीचा दाखला आणून दिला. ते म्हणाले, यावरून तुम्ही जिवंत आहात एवढेच सिद्ध होते, म्हणजे तुम्ही पूर्वज नाही हेही सिद्ध होते; भिंत पूर्वजांची आहे; तरी पूर्वज असल्याचा दाखला आणावा. तो दाखला कोणत्या खिडकीवर मिळतो, हे मी विचारले. ते म्हणाले, अजून कोणी मागितलेला नाही.

९. दाखला मिळेपर्यंत दादा उपाशी राहू नये म्हणून आम्ही भिंतीला दोन्हीकडून शिड्या लावल्या. आठवड्यात आपली नोटीस आली : चकाकणाऱ्या धातूची शिडी दृश्यास बाधक. आम्ही लाकडी शिड्या केल्या. त्या आपल्याला इतक्या आवडल्या की पुढच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर त्यांचा फोटो आला, खाली ‘पारंपरिक दळणवळण’. त्याच सुमारास वाळत घातलेल्या कपड्यांबद्दलही पत्र आले, की खिडकीतून दिसणारे कपडे मातकट किंवा फिकट रंगाचे असावेत. यावर सौ.चा निरोप जसाच्या तसा कळवतो : “माझी चादर पोपटी आहे आणि पोपटीच राहणार. बघवत नसेल तर खिडकीला पडदा लावा.” पुढे एके दिवशी दादा शिडी चढून भिंतीवर पोचला आणि त्याचे गुडघे आखडले. ना इकडे उतरता येईना, ना तिकडे. खिडकीतल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. दादाने पहिल्यांदा हात हलवला, कारण तो तसाच आहे. पण नंतर त्याचे तोंड पांढरे पडले. मी आणि सौ.ने त्याला कसेबसे उतरवले, आणि त्यानंतर शिड्या बंद झाल्या.

१०. तेव्हापासून सौ. स्टुलावर उभी राहून ताट भिंतीवरून देते आणि दादा पलीकडे एकटा जेवतो. आपल्या केंद्रात माहिती सांगणारी जी मुलगी आहे, ती हे पाहून एकदा आमच्याकडे चौकशीला आली आणि सौ.ने तिला ओळंब्यापासून सगळे सांगितले. मुलगी सरळ आहे. तिने दुसऱ्या दिवसापासून फलक बाजूला ठेवून खरे तेच सांगायला सुरुवात केली. गर्दी दुप्पट झाली. मला वाटले, आता तरी आपले कार्यालय मान्य करेल की भिंत आमची. परंतु आपल्या शाखेने आमच्या भांडणाची नोंद ‘लोककथा’ म्हणून केली असून, लोककथेतील पात्रांना अर्ज करता येतो किंवा कसे, यावर विधी शाखेचे मत मागवले आहे, असे मला समजते. मत येईपर्यंत आम्ही जेवावे किंवा कसे, हेही त्यांना विचारून ठेवावे.

११. आता लोक भांडण पाहायलाच येऊ लागले. दोन म्हातारे भिंतीच्या दोन बाजूंना स्टूल टाकून हसत गप्पा मारताना दिसले की त्यांचा विरस होतो. ‘भांडण दिसले नाही’ अशा तक्रारी आल्याचे उपाहारगृहाच्या ठेकेदाराने येऊन सांगितले. म्हणाला, “काका, सुट्टीच्या दिवशी तेवढं भांडा की. नुसता आवाज चढवला तरी चालेल.” मी नाही म्हणालो. दादा म्हणाला, “करू की रे, गंमत आहे.” आम्ही उभे राहिलो आणि सुरुवात केली. पहिल्यांदा शेळीवरून भांडलो, ते छान रंगले. मग दादा ओघात ओळंब्यावर आला. मग मी वहिनीच्या आजारपणात त्याने मला बोलावणे का पाठवले नाही, त्यावर आलो. मग तो म्हणाला, “बोलावणं लागतं का तुला?” खिडकीतून टाळ्या ऐकू येत होत्या. त्या दिवशी ताट भिंतीवरून गेले तसे भरलेले परत आले. दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्या दिवशी मी रस्त्याने वळसा घालून गेलो आणि त्याच्या ओट्यावर बसून राहिलो, तो दार उघडेपर्यंत. तो खेळ आम्ही पुन्हा केलेला नाही, करणारही नाही. मी भ्यालो होतो, महोदय, हे स्पष्ट लिहितो.

१२. एक तांत्रिक बाब. चौकटसाहेबांनी आमच्या भिंतीवर लेख लिहून तिच्या पद्धतीला ‘मौन-बांधणी’ असे नाव दिले आहे, व ती शिकायला विद्यार्थी येतात. पद्धतीचे वैशिष्ट्य असे सांगितले जाते की भिंतीच्या दोन बाजू शेजारी उभ्या असूनही एकमेकींना कुठेच धरत नाहीत. हे खरे आहे. परंतु ती पद्धत नसून राग आहे. अशा भिंतीत ठरावीक थरांनंतर एक लांब दगड आरपार घालावा लागतो, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींना बांधल्या जातात. वडिलांनी आम्हा दोघांना पहिल्यांदा शिकवले ते हेच. पण माझा दगड त्याच्या हद्दीत जाणार नव्हता आणि त्याचा मी माझ्या हद्दीत येऊ देणार नव्हतो. त्यामुळे आज भिंतीला माझ्या बाजूने पोट सुटले आहे. तिथेच टेकून लोक फोटो काढतात. विद्यार्थ्यांनी केंद्रामागे सरावासाठी बांधलेली मौन-बांधणीची भिंत परवा पडली, तेव्हा ते आनंदाने म्हणाले की मौन सुटले. सुदैवाने खाली कोणी नव्हते.

१३. आता शेवटची बाब, जी मला स्वतःलाही मागच्या महिन्यापर्यंत ठाऊक नव्हती. दादा गुडघे पूर्ण निकामी होईपर्यंत रोज संध्याकाळी तिकीट काढून आपल्या केंद्रात जाऊन बसत असे. तिकीट देणाऱ्या माणसाने हे मला सांगितले. मी समजलो, हा आपले काम बघायला जातो. स्वतःच्या कामावर त्याचे भारी प्रेम. म्हणून मी त्याला चिडवले, की भिंत घरातून दिसते तर पैसे देऊन कशाला बघतोस? तो म्हणाला, “भिंत कोण बघतंय? दरी बघायला जायचो.” महोदय, दादाच्या ओट्यावर बसले की समोर भिंत आणि तिच्यावर आभाळ, बाकी काही नाही. वडिलांनी तो ओटा दरीकडे तोंड करून बांधला होता. लहानपणी आम्ही चौघे तिथेच जेवायला बसत असू, आणि खाली नदीवर ऊन कुठपर्यंत सरकले यावरून आई आम्हाला उठवायची. जगभरची माणसे आमच्या भिंतीचा हात धरून दरीपर्यंत जातात आणि ज्याची दरी तो भिंतीपुढे बसून जेवतो. मी हे इतकी वर्षे पाहिले नाही, कारण माझ्या बाजूने दरी व्यवस्थित दिसते.

१४. तरी, वरील सर्व बाबींचा विचार होऊन पुढीलप्रमाणे मंजुरी मिळावी :

(अ) भिंतीत एक वाट असावी. रुंदी एवढी की हातात ताट घेतलेला एक माणूस सरळ जावा. उंबरा नको, गुडघ्यांना चालणार नाही. वाट बरोबर दादाच्या ओट्यासमोर असावी आणि ओट्यावर बसलेल्या माणसाच्या नजरेत नदी येईल इतकी ती सरळ असावी. आपल्या केंद्राची खिडकी ज्या विचाराने बसवली आहे त्याच विचाराने हे मागतो आहे, म्हणून यात धोरणाविरुद्ध काही नसावे.

(ब) वाटेच्या दोन्ही कडांना आम्ही आरपार दगड घालू. मी माझ्या बाजूने उचलेन आणि दादा खुर्चीवर बसून कोणता दगड कुठे ते सांगेल. तो कसेही सांगणारच आहे. यामुळे भिंत पडायची थांबेल आणि आपले दृश्य शाबूत राहील. विद्यार्थ्यांना पाहायचे असल्यास त्यांनी खुशाल यावे, मात्र डोळे उघडे ठेवून.

(क) हे मंजूर नसल्यास, भांडण चालू ठेवण्याचा आदेश लेखी मिळावा. त्यात भांडणाचा विषय, वेळ, सुट्ट्या, कोणत्या दिवशी कोणी जिंकायचे, आणि भांडणाच्या दिवशी दादाच्या जेवणाची जबाबदारी आपल्या शाखेतील कोणत्या अधिकाऱ्यावर राहील, हे नावानिशी नमूद असावे. सौ. म्हणते, त्यांनी निदान हात धुऊन यावे.

चौकटसाहेबांना हा अर्ज मी आधी वाचून दाखवला. तेरावा मुद्दा ऐकून त्यांनी बोटांची चौकट केली, दादाच्या ओट्यावर बसले, तिच्यातून पाहिले आणि हात खाली घेतले. मग म्हणाले, “मी या बाजूला बसून पाहिलंच नव्हतं.” नकाशावर वाट कुठे येईल ती रेघ त्यांनी स्वतः मारून दिली आहे. त्यांची सही घेण्यासाठी आम्ही त्यांना जेवायला थांबवले नव्हते, तरी ते थांबले.

उत्तराची वाट पाहत आहे. या वेळी पत्ता वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही घरांचा लिहिला तरी एकच पत्र पुरेल.

आपल्या खिडकीत रोज दिसणारा,
धाकटा गवंडी
(भिंतीची खालची बाजू)

वरील मजकूर मला वाचून दाखवला. पहिल्या मुद्द्यातला कंसातला शब्द वगळून बाकी मान्य.
थोरला गवंडी
(भिंतीची वरची बाजू)

दिनांक : अर्ज आपल्या टेबलावर पोचेल तो.

सोबत :
(१) मागच्या अर्जाची आणि खुलाशाची प्रत.
(२) हयातीचे दाखले, दोघांचे.
(३) चौकटसाहेबांच्या सहीचा नकाशा.
(४) दगड, दोन नग. दादाच्या ओट्यासमोर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरचे, एक माझ्या बाजूचा, एक दादाच्या बाजूचा, समोरासमोरचे. काल दुपारी काढले. संध्याकाळी दादा ओट्यावर बसून जेवला आणि ताट परत द्यायला विसरला. ऊन नदीवरून जाईपर्यंत बसून होता. दोन्ही दगड कृपया एकाच ठिकाणी ठेवावेत आणि पोच द्यावी.